गिअरपेटी उघडण्यापूर्वी : जुन्या जीपच्या दोषांचे निदान

सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या पाड्याकडे जाणारी वाट पाहिली, की जीप या वाहनाने आपल्या ग्रामीण जीवनात एवढे स्थान का मिळविले, हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी निर्माण झालेले हे वाहन युद्धानंतर शेतीच्या आणि प्रवासाच्या कामी आले. पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने विलीज जीपची जोडणी १९४७ साली सुरू केली आणि त्यानंतर अनेक दशके जीप आपल्या देशातच तयार होत राहिली. मलेरिया निर्मूलनाची मोहीम असो, कुटुंबनियोजनाचा प्रचार असो किंवा १९७२ च्या दुष्काळातील रोजगाराची कामे असोत, जेथे पक्का रस्ता संपत असे तेथून पुढे जीपचे काम सुरू होत असे.

आज परिस्थिती पालटली आहे. पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरविण्यात आल्याने शासनाच्या सेवेतील जुन्या जीपगाड्यांचे युग संपले. तथापि शेतकऱ्यांकडे, डोंगराळ भागातील लहान व्यावसायिकांकडे आणि जुन्या वाहनांची आवड असणाऱ्यांकडे पुनर्नोंदणी करून वापरल्या जाणाऱ्या जीपगाड्या अजूनही आढळतात. या गाड्यांच्या मालकांना वारंवार भेडसावणारा प्रश्न म्हणजे गिअरपेटीचा. पेटी कुरकुरू लागली की ती उतरवावी, उघडावी आणि सुटे भाग बदलावेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत खर्चिक आहे. इतकेच नव्हे, तर मूळ दोष पेटीबाहेर असेल तेव्हा ती धोक्याचीही ठरते. दोष कोठे आहे हे पेटी न उघडता कसे ओळखावे, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

एका रात्रीचा अनुभव

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. यंत्रविद्येशी त्याचा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. तो आला एका प्रसंगामुळे. सन २००९ च्या पावसाळ्यात, तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या म्हणजेच आजच्या पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, एका पाड्यावर कामानिमित्त मुक्काम पडला होता. रात्री दहाच्या सुमारास एका घरातील सुनेला प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आणि सुईणीने ‘दवाखान्यात न्यायलाच हवं’ असा निर्वाळा दिला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ साली सुरू झाली. त्या रात्री पाड्यावर असलेले एकमेव वाहन म्हणजे एका शेतकऱ्याची जुनी जीप होती.

घाटाच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये जीप सावकाश चालली होती. एका वळणावर ‘खट्’ असा आवाज झाला, गिअरचा दांडा आपोआप न्यूट्रलमध्ये आला आणि इंजिनाचा आवर सुटलेली गाडी वेग घेऊ लागली. चालकाने प्रसंगावधान राखून ब्रेक दाबत तिला डोंगराच्या बाजूच्या मातीत घातले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. गाडी पुन्हा रस्त्यावर घेण्यात पाऊण तास गेला. उरलेला सर्व उतार संपेपर्यंत गिअरचा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरण्याचे काम लेखकाकडे आले. पहाटे बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे कळले, तेव्हा चालक खिन्नपणे म्हणाला, “साहेब, पेटी दोनदा उघडली. दुसऱ्या गिअरचं चाकसुद्धा नवं टाकलं. तरी उतारावर सुटतोच.”

पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेल्या एका शिल्पनिदेशकांनी ती जीप तपासली. त्यांनी पेटी उघडली नाही. त्यांनी काही प्रश्न विचारले, गाडी स्वतः चालवून पाहिली आणि मग ते गाडीखाली गेले. त्यांना काय सापडले ते पुढे येईलच. त्या दिवशी त्यांच्याकडून जे शिकावयास मिळाले आणि त्यानंतर अनेक कुशल मेस्त्रींच्या सहवासात जे पक्के होत गेले, तेच येथे क्रमाने मांडले आहे.

पेटीची ओळख

निदान करावयाचे तर आधी रचना ठाऊक हवी. आपल्याकडे दीर्घकाळ चाललेल्या सीजे-३बी या जीपमध्ये टी-९० नावाची तीन गतींची गिअरपेटी असे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे २.८ फेरे झाले म्हणजे पेटीतून बाहेर पडणारा मेन शाफ्ट एक फेरा घेतो. दुसऱ्या गिअरमध्ये हे प्रमाण सुमारे १.५५ असते, तर टॉपमध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांना जोडले जाऊन बरोबरीने फिरतात.

इंजिनाची गती क्लचमधून क्लच शाफ्टवर येते. क्लच शाफ्टचे दंतचक्र खालच्या लेअर शाफ्टला फिरविते आणि लेअर शाफ्टवरून ती गती पहिल्या वा दुसऱ्या गिअरच्या चक्राद्वारे मेन शाफ्टला मिळते. टॉपमध्ये मात्र लेअर शाफ्ट नुसता फिरत राहतो. त्याच्यावर भार नसतो. ही एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढील अर्धे निदान तिच्यावरच आधारलेले आहे.

गिअर बदलताना दोन चक्रांचे वेग जुळवून घेण्यासाठी दुसऱ्या व टॉप गिअरला पितळी सिंक्रो रिंगा बसविलेल्या असतात. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला ही सोय नाही. म्हणून चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना दाते घासतात. तो पेटीचा दोष नव्हे. गाडी थांबवून पहिला गिअर टाकावा, अन्यथा चालकाला डबल क्लच मारण्याचे कौशल्य आत्मसात असावे. नव्या मोटारी चालविण्याची सवय असलेल्या चालकाच्या हाती जुनी जीप आली की पहिल्या गिअरचे दाते झिजतात, ते या अज्ञानामुळेच.

गिअरपेटीच्या मागे ट्रान्स्फर पेटी जोडलेली असते. पुढील चाकांना शक्ती देणे आणि चढणीसाठी गतीचे प्रमाण आणखी सुमारे अडीच पटीने घटविणे, ही तिची कामे. सीजे-३बी मध्ये त्यासाठी दोन स्वतंत्र लहान दांडे असतात. केवळ मागील चाकांवर गाडी चालत असली तरी शक्ती या ट्रान्स्फर पेटीतील मधल्या दंतचक्रातूनच जाते. त्यामुळे धावत्या जीपमध्ये थोडा गुंजारव नेहमीच ऐकू येतो. तो तिचा स्वभाव आहे. त्यात नव्याने पडलेला फरक हा चिंतेचा विषय होय.

पुढील काळातील काही जीपगाड्यांमध्ये डिझेल इंजिने आणि चार गतींच्या पेट्या आल्या. तेथे तपशील बदलतात; निदानाचा मार्ग मात्र तोच राहतो.

आरंभ तेलापासून

वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तसे मेस्त्रीने आधी तेल पाहावे. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद करून, गिअरपेटी आणि ट्रान्स्फर पेटी या दोहोंच्या बाजूचे भरणीचे बूच उघडावे. तेल बुचाच्या कडेपर्यंत असले पाहिजे. करंगळी आत घालून हे सहज कळते.

या जीपमध्ये एक चमत्कारिक दोष आढळतो. दोन्ही पेट्या एकमेकींस चिकटून असल्याने मधल्या बेअरिंगजवळून किंवा जोडातून तेल हळूहळू एकीतून दुसरीत जाते. परिणामी एक पेटी काठोकाठ भरते आणि दुसरी कोरडी पडू लागते. चालक फक्त एकच बूच उघडतो, तेल भरपूर आहे असे मानतो, आणि दुसऱ्या पेटीतील बेअरिंग जळून जाते. म्हणून दोन्ही बुचे उघडल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मानू नये.

त्यानंतर तेलाचा रंग पाहावा. दुधाळ, फेसाळ तेल म्हणजे आत पाणी शिरले आहे. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाडीत हे वारंवार घडते आणि अशा वेळी तेल त्वरित बदलणे हाच उपाय असतो. तेलात सोनेरी कण चमकत असतील तर पितळी सिंक्रो रिंगा किंवा बुश झिजत आहेत असे समजावे. लोखंडी कण असतील तर ते लोहचुंबकाला चिकटतात. बारीक भुकटी ही वयोमानाची खूण होय, परंतु हाताला टोचणारा तुकडा सापडला तर दाता तुटला आहे. तेव्हा मात्र गाडी चालवू नये आणि पेटी उघडण्यास विलंबही करू नये.

तेलाची निवडही महत्त्वाची आहे. या पेटीला ९० क्रमांकाचे गिअर तेल लागते. तथापि त्या क्रमांकाची सर्व तेले सारखी नसतात. डिफरन्शियलसाठी मिळणाऱ्या जीएल-५ प्रतीच्या तेलातील तीव्र रसायने जुन्या पेटीतील पितळी भागांना अपायकारक ठरू शकतात. एकाच डब्यातून डिफरन्शियल आणि गिअरपेटी दोन्ही भरण्याची प्रथा म्हणूनच सोडून द्यावी. पेटीसाठी पितळाला मानवणारे, सौम्य प्रतीचे तेल निवडावे.

आवाज कोठून येतो?

आवाजाचे निदान करताना घाई उपयोगी पडत नाही. पुढील कसोट्या क्रमाने घ्याव्यात.

पहिली कसोटी उभ्या गाडीची. हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन मंद चालू ठेवावे आणि क्लचवरून पाय काढावा. या स्थितीत क्लच शाफ्ट आणि लेअर शाफ्ट फिरत असतात. घरघर ऐकू येत असेल तर क्लचचे पेडल पूर्ण दाबावे. पेडल दाबताच आवाज थांबला तर दोष क्लच शाफ्टच्या बेअरिंगमध्ये किंवा लेअर शाफ्टच्या आधारात आहे. उलट, आधी शांतता असून पेडलवर पाय ठेवताच आवाज सुरू झाला, तर क्लच रिलीज बेअरिंग गेले आहे. पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाकल्यावर उभ्या गाडीत किंचाळल्यासारखा आवाज आला, तर क्रँकशाफ्टच्या टोकातील पायलट बुशाचा संशय घ्यावा. या शेवटच्या दोन्ही दोषांसाठी पेटी उतरवावी लागते; ती उघडण्याचे मात्र कारण नसते.

दुसरी कसोटी चालत्या गाडीची. पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये मोठा आवाज येतो, परंतु टॉपमध्ये तो बराच कमी होतो, असे आढळल्यास भार लेअर शाफ्टवर असतानाच आवाज येतो हे उघड आहे. म्हणजे लेअर शाफ्टचे रोलर, बुश किंवा दाते झिजले आहेत. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरच्या चक्रात दोष शोधावा. ठरावीक अंतराने येणारी आणि वेगाबरोबर जलद होणारी ‘टक् टक्’ ही बहुधा तुटलेल्या किंवा टवका उडालेल्या दात्याची खूण असते. सर्वच गिअरमध्ये सारखी घरघर असेल तर क्लच शाफ्टचे किंवा मेन शाफ्टचे बेअरिंग तपासावे.

तिसरी कसोटी न्यूट्रलची. ही केवळ सपाट, मोकळ्या आणि रहदारी नसलेल्या रस्त्यावर घ्यावी. उतारावर कदापि घेऊ नये. मध्यम वेगात गिअर न्यूट्रलमध्ये आणून गाडी आपल्या ओघात जाऊ द्यावी. इंजिन मंद झाले तरी आवाज गाडीच्या वेगानुसारच चालू राहिला, तर दोष गिअरपेटीच्या मागील अंगाला आहे. ट्रान्स्फर पेटीतील मधल्या दंतचक्राचा शाफ्ट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि डिफरन्शियल यांची मग पाळीपाळीने तपासणी करावी. गाडी सोडताना किंवा उचलताना येणारा एकच ‘ठक्’ आवाज पुष्कळदा सैल झालेल्या क्रॉसचा असतो. गाडी उभी असताना प्रोपेलर शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवून तो खेळ लगेच कळतो.

गिअर पडत नाही तेव्हा

‘गिअर पडत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या मालकास पहिला प्रश्न विचारावा तो असा : इंजिन बंद असताना गिअर पडतो काय? बंद इंजिनावर सर्व गिअर सहज पडत असतील आणि चालू इंजिनावर पडत नसतील, तर संशय प्रथम क्लचवर घ्यावा.

खात्रीसाठी रिव्हर्स गिअरची कसोटी सोपी आहे. उभ्या गाडीत इंजिन मंद ठेवून पेडल पूर्ण दाबावे, मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. क्लच पूर्ण सुटत असेल तर एवढ्या अवधीत आतील चक्रे थांबतात आणि गिअर निमूटपणे पडतो. तरीही दाते करकरले तर क्लच अर्धवट धरून राहिला आहे. पेडलचा खेळ अधिक असणे, जोडदांड्यांची भोके झिजून लांबट होणे किंवा पायलट बुश आखडणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. पेडलचा मोकळा खेळ साधारणपणे वीस ते पंचवीस मिलिमीटर असावा. तो मोजण्यास फूटपट्टीखेरीज काही लागत नाही, आणि नट फिरवून तो दुरुस्तही करता येतो. पाना आणि फूटपट्टी यांनी जे काम होते, त्यासाठी पेटी उतरविणे हा श्रमाचा व पैशाचा अपव्यय होय.

रिव्हर्स निमूटपणे पडतो, परंतु चालत्या गाडीत दुसरा वा टॉप गिअर टाकताना करकर होते, असे आढळले तर मात्र त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. तोपर्यंत डबल क्लच मारून काम निभावता येते. थंडीच्या दिवसांत सकाळी पहिला मैल-दीड मैल गिअर जड पडतात आणि नंतर सैल होतात, तेथे घट्ट झालेले तेल हे कारण असते. त्याला दोष मानू नये.

कधी कधी दांडा पूर्ण मोकळा फिरतो, पण कोणताच गिअर पडत नाही, किंवा दांडा न्यूट्रलमध्ये दिसत असूनही क्लच सोडताच इंजिन बंद पडते. दांड्याचे खालचे टोक आणि गिअरच्या फोर्कची खाच झिजल्यामुळे टोक खाचेतून निसटते किंवा एकाच वेळी दोन गिअर पडतात. हा दोष पेटीच्या वरच्या झाकणात असतो. झाकण काढून तो दुरुस्त होतो. संपूर्ण पेटी उतरविण्याचे कारण नाही.

गिअर सुटतो तेव्हा

आता त्या पावसाळी रात्रीकडे वळू. गिअर सुटल्याची तक्रार आली की आधी दांडा पाहावा. दांडा स्वतः न्यूट्रलमध्ये आला असेल तरच गिअर सुटला असे म्हणता येईल. दांडा जागेवर असून गाडीची ओढ गेली, इंजिन नुसतेच गरजू लागले आणि जळका वास आला, तर क्लच घसरत आहे. ही दोन दुखणी अगदी भिन्न आहेत, पण मालक दोहोंना एकच नाव देतो.

त्यानंतर गिअर केव्हा सुटतो ते विचारावे. चढावर इंजिन गाडीला ओढते, तेव्हा दात्यांच्या एका अंगावर भार येतो. उतारावर गाडीच इंजिनाला ढकलते, तेव्हा तो भार दुसऱ्या अंगावर जातो. भाराची ही दिशा पालटताना, पेटीतील शाफ्टना लांबीच्या दिशेने सरकण्यास वाव असेल किंवा चक्रे एकमेकांशी समांतर राहिली नसतील, तर चक्र हळूहळू दात्यांवरून बाहेर सरकते. या जीपमध्ये दुसरा गिअर सुटण्याची खोड सर्वांत परिचित आहे.

त्याची कारणे सोप्याकडून अवघडाकडे तपासावीत. पहिले, पेटीखालील रबर. इंजिन व पेटी ज्या रबरांवर बसलेली असतात ती कुजली की पेटी खाली बसते आणि दांडा फरशीच्या पत्र्याच्या कडेला घासून मागे ढकलला जातो. दुसरे, पेटी बेल हाउसिंगला आणि बेल हाउसिंग इंजिनाला जोडणारे बोल्ट. ते सैल झाले तर पेटी किंचित तिरकी लटकते आणि चक्रांचे समांतर बसणे बिघडते. तिसरे, वरच्या झाकणातील गोळी आणि स्प्रिंग. गिअरचा रॉड जागेवर अडकवून ठेवण्याचे काम या लहानशा गोळीचे. स्प्रिंग थकली की ती पकड सोडते. चौथे, मेन शाफ्टच्या मागील टोकाचा नट. ट्रान्स्फर पेटीच्या मागे एक लहान झाकण असते. ते काढले की हा नट दिसतो, आणि तो सैल असेल तर मेन शाफ्ट पुढेमागे सरकत असतो. या चारही गोष्टी पेटी न उतरविता तपासता येतात. त्या निर्दोष ठरल्या तरच झिजलेले दाते, थ्रस्ट वॉशर आणि सिंक्रो यांच्याकडे, म्हणजे पेटीच्या अंतर्भागाकडे, वळावे.

त्या शेतकऱ्याच्या जीपमध्ये पेटीखालचे रबर कुजून पार चपटे झाले होते आणि बेल हाउसिंगचे दोन बोल्ट हाताने फिरतील इतके सैल होते. पेटी दोन वेळा उघडणाऱ्यांनी आतील चक्र बदलले. परंतु पेटी जेथे टेकते तेथे कोणी पाहिलेच नाही. नवीन चक्र तिरक्या पेटीत बसले आणि तेही सुटू लागले. रबर बदलून व बोल्ट आवळून झाल्यावर निदेशकांनी ती जीप त्याच घाटातून, त्याच दुसऱ्या गिअरमध्ये, दोन वेळा खाली आणली. दांडा हलला नाही. गाडीतून उतरल्यावर ते एवढेच म्हणाले, “पेटीनं कधीच खोटं सांगितलं नव्हतं. आपण तिला नीट विचारलं नव्हतं.”

अडकलेला दांडा

पुढील चाकांची शक्ती जोडल्यानंतर ट्रान्स्फरचा दांडा पुन्हा निघत नाही, स्टिअरिंग जड होते आणि गाडी कोणी मागून धरून ठेवल्यासारखी चालते, ही तक्रार पावसाळ्यात फार येते. बहुतेक वेळा येथे काहीही मोडलेले नसते. जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडले जातात. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात चाक घसरून हा फरक भरून काढते. डांबरी रस्त्यावर ते घसरू शकत नाही आणि सर्व पीळ शाफ्टमध्ये साठतो. त्या पिळामुळे दांडा अडकतो.

अशा वेळी हातोडी वापरू नये. गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घ्यावी किंवा मऊ मातीवर न्यावी. पीळ सुटतो आणि दांडा आपोआप मोकळा होतो. चारही टायर सारख्या मापाचे आणि सारख्या हवेचे असावेत, आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर चारही चाकांची शक्ती जोडू नये, हे दोन नियम पाळल्यास ही तक्रार सहसा उद्भवत नाही. असे करूनही दांडा निघत नसेल तर दांड्यांच्या आसाला गंज चढला आहे काय ते पाहून वंगण द्यावे.

जिवाचे मोल

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर पेटीच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. याचे दोन परिणाम मेस्त्रींनी आणि विशेषतः प्रशिक्षणार्थींनी कधीही विसरू नयेत. एक, ट्रान्स्फर पेटीच्या मागील सीलमधून गळणारे तेल ब्रेकच्या लायनरवर पडले तर हँडब्रेक निकामी होतो. दोन, मागील एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही, गिअर टाकलेला असूनही, गाडी पुढे सरकू शकते. म्हणून गाडीखाली जाण्यापूर्वी जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड वा लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम आधारावर ठेवावी.

गिअर सुटणारी गाडी घाटात नेऊ नये. दांडा दोरीने बांधून किंवा हाताने धरून चालविणे हा उपाय नव्हे. ती आपत्तीला दिलेली मुदत असते. प्रस्तुत लेखकाने ती मुदत एकदा स्वतःच्या हातांनी धरून ठेवली आहे, म्हणून हे आग्रहाने सांगावेसे वाटते.

समारोप

प्रत्येक मालकाने वाहनाची एक साधी वही ठेवावी. तेल केव्हा बदलले, कोणते घातले, कोणता आवाज केव्हापासून येतो, कोणता गिअर कोठे सुटला, एवढ्या नोंदी पुरेत. कार्यशाळेत गेल्यावर ‘पेटी खराब आहे’ असे सांगण्याऐवजी ‘उतारावर, दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दांडा बाहेर येतो’ असे सांगणारा मालक निम्मे निदान स्वतःच करून आलेला असतो. आणि असे न सांगणाऱ्या मालकाला योग्य प्रश्न विचारून बोलते करणारा तरुण मेस्त्री हाच आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा खरा अभिमान होय.

आज १०८ ची रुग्णवाहिका दूरदूरच्या गावांपर्यंत पोहोचते. तरीही पावसाळ्यात पाड्यापासून सडकेपर्यंतची वाट एखाद्या जुन्या जीपनेच कापावी लागते, असे प्रसंग येतात. त्या वाटेवर गाडीत कोण बसलेले असेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वी तेल पाहावे, कान द्यावा, प्रश्न विचारावेत आणि गाडीखाली वाकून पाहावे. पेटी उघडण्याची पाळी आलीच, तर ती सर्वांत शेवटी यावी.